शिरोकाने ते शिरवळ : गुरांच्या एका औषधाची गोष्ट

जुलै २०२४ मध्ये आपल्या पाकिटांत नवी हजार येनची नोट आली. तिच्यावरचे चष्मा लावलेले, मिशीवाले गृहस्थ म्हणजे कितासातो शिबासाबुरो. बर्लिनला रॉबर्ट कॉखच्या हाताखाली शिकलेले, धनुर्वाताचा जंतू प्रथम शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवणारे आणि १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधायला गेलेले. दोनच वर्षांनी तो प्लेग मुंबईत उतरला आणि मग पुण्यात काय झालं ते आपण शाळेच्या इतिहासात वाचलेलं आहे. या कितासातोंनी १९१४ साली तोक्योत आपली संशोधन संस्था काढली. ती आजही शिरोकानेला आहे. हिबिया लाइनच्या हिरोओ स्टेशनवर उतरून दहाएक मिनिटं चाललं की पोचतो आपण.

आता या पत्त्याचा आणि सातारा जिल्ह्यातल्या गोठ्याचा संबंध काय? अंकासाठी "गुरांच्या औषधावर लिहिते" म्हटल्यावर संपादकांनीही आधी "नक्की ना?" असंच विचारलं होतं.

माझं माहेर शिरवळजवळ, खंडाळा तालुक्यात. दादाकडे सहा गाई आहेत, त्यांतल्या चार दुभत्या. शिवाय दोन कालवडी आणि आता फारसं काम न करणारा एक म्हातारा बैल. तोक्योतून व्हिडिओ कॉल केला की गप्पा घरातून सुरू होतात आणि गोठ्यात जाऊन संपतात, कारण संध्याकाळी वहिनी धारेला बसलेली असते. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा आहे. तिथे गुरांची औषधं असतात. मलमाच्या अर्धवट पिळलेल्या नळ्या, जंताच्या गोळ्या, सिरिंज, दोरीने बांधलेली एक बांबूची नळकांडी आणि काही काचेच्या बाटल्या. एकदा भाचीने कॅमेरा त्या कोनाड्यावर धरला तेव्हा एका बाटलीवरचं नाव मी वाचलं. इव्हरमेक्टिन. गावात त्याला "गोचिडाचं इंजेक्शन" म्हणतात. बाटलीवर कुठल्याशा भारतीय कंपनीचं नाव होतं, जपानचा काही उल्लेख नव्हता. पण ते औषध जन्माला आलं ते याच शिरोकानेच्या संस्थेत, इथल्या मातीतून.

सातोशी ओमुरांचा जन्म १९३५ सालचा. गाव यामानाशीतलं निरासाकी. घरची शेती. विद्यापीठातून बाहेर पडल्यावर ते तोक्योला आले आणि सुमिदाच्या एका तांत्रिक शाळेत रात्रीच्या वर्गांना शिकवू लागले. मी स्वतः सात वर्षं शाळेत शिकवलं असल्यामुळे त्यांच्या आयुष्यातला हाच भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. त्यांचे विद्यार्थी दिवसभर कारखान्यात राबून परीक्षेला येत, हातांना तेल-वंगण लागलेलंच असे. हे पाहून आपणच अजून शिकलं पाहिजे असं त्या तरुण मास्तरांना वाटलं. नोकरी सांभाळून त्यांनी तोक्यो विज्ञान विद्यापीठातून पुढची पदवी घेतली आणि १९६५ साली कितासातो संस्थेत दाखल झाले. म्हणजे वयाच्या तिशीत. आपल्याकडे तिशीत नवं काही सुरू करायचं म्हटलं की नातेवाईक काय म्हणतात, ते इथे लिहायला नको.

पुढे ते अमेरिकेत गेले, तिथे मर्क या औषध कंपनीशी त्यांचा करार झाला. त्यांनी जपानभरच्या मातीतले सूक्ष्मजीव वेगळे काढायचे, आशादायक वाटतील ते कंपनीकडे पाठवायचे आणि कंपनीने ते प्राण्यांच्या रोगांवर तपासायचे. ओमुरा खिशात लहान प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊनच फिरत, जातील तिथली चमचाभर माती भरून घेत. शिझुओकातल्या इतो शहरात कावाना म्हणून गोल्फचं प्रसिद्ध मैदान आहे. १९७४ च्या सुमारास त्याच्या जवळून घेतलेल्या मातीत जो जीवाणू सापडला, त्याने अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पोटातले जंत साफ करून टाकले. तिथले विल्यम कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी त्या द्रव्यात थोडा रासायनिक फेरफार करून इव्हरमेक्टिन बनवलं. १९८१ साली ते जनावरांचं औषध म्हणून बाजारात आलं. पोटातले जंत आणि अंगावरचे गोचीड, उवा, खरजेचे किडे, दोन्हींवर एकच औषध, तेही किलोमागे मिलिग्रॅमच्या पाचव्या हिश्शाने काम करणारं! त्याआधी असं काही नव्हतंच. २०१५ साली ओमुरा आणि कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं. गंमत म्हणजे त्या एका जीवाणूखेरीज इतका भरघोस हे द्रव्य बनवणारा दुसरा सूक्ष्मजीव व्यवहारात मिळालेला नाही. आमच्या गोठ्यातल्या बाटलीची वंशावळ शेवटी त्या कावानाच्या मातीपर्यंत जाते.

आता औषध चांगलं आहे म्हणजे काम झालं, असं नसतं. ते द्यायचं कसं, किती आणि कुणाला, इथे खरी गोष्ट सुरू होते.

बाटलीवर लिहिलेलं असतं, ५० किलो वजनाला १ मिलि, कातडीखाली. आता गाईचं वजन कोण करणार? गावात ट्रकचा वजनकाटा आहे, पण तो साखर कारखान्याच्या रस्त्याला, आणि गाय काही ट्रकमध्ये बसून तिथे जात नाही. मग अंदाजपंचे. "मोठी आहे, दे दहा." "बारकी आहे, पाच पुरे." कमी पडलं तर मरणाऱ्या जंतांबरोबर चिवट जंत तेवढे मागे राहतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. मेंढ्यांच्या जंतांवर हे औषध चालेनासं झाल्याचा अनुभव अनेक देशांना आलेला आहे. मला यातला गणिताचा भाग आवडला. पशुवैद्यक एक टेपचं सूत्र वापरतात, ते मी भाचीला शिकवलं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजायचा. खांद्याच्या टोकापासून मागच्या माकडहाडाच्या बाजूच्या उंचवट्यापर्यंत लांबी मोजायची. घेराचा वर्ग करायचा, त्याला लांबीने गुणायचं आणि ६६० ने भागायचं. उत्तर किलोत. तांबडीचा घेर ७० इंच आणि लांबी ६० इंच भरली, म्हणजे ७० गुणिले ७० गुणिले ६०, भागिले ६६०. साधारण ४४५ किलो. दादाचा अंदाज होता साडेतीनशे! सातवीतल्या मुलीला वर्गसंख्या कशासाठी शिकायच्या हे यापेक्षा चांगलं मला कुठल्याच फळ्यावर सांगता आलं नसतं. शिंप्याची टेप मात्र ७० इंचांना अपुरी पडते. दोन टेपा जोडाव्या लागल्या, आणि तांबडीने त्यातली एक चघळली.

तांबडी तेव्हा गाभण आणि आटलेली होती, म्हणून तिचं नाव यात आलं. नाहीतर जिचं दूध माणसांच्या पोटात जातं अशा गाईला हे इंजेक्शन देऊ नये, असं बाटलीवरच छापलेलं असतं. हे औषध स्निग्ध पदार्थात मुरतं, त्यामुळे दुधात उतरतं आणि बरेच दिवस उतरत राहतं. शिवाय गोचिडांचं आयुष्य गाईच्या अंगावर कमी आणि गोठ्याच्या भेगांत जास्त जातं. तिथली अंडी तशीच ठेवून गाईला टोचत बसलं तर महिन्याभरात पुन्हा गोचीड. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेले तरुण डॉक्टर आमच्या भागात दिसतात, त्यांतल्या एकाने दादाला पहिलं सांगितलं ते हेच. आधी भिंतीच्या भेगा लिंपा, मग इंजेक्शनचं बोलू. दादाला ते फारसं आवडलं नाही. लिंपायचं काम कष्टाचं, इंजेक्शन दोन मिनिटांचं.

कोनाड्यातल्या त्या बांबूच्या नळकांडीबद्दल दोन शब्द. इंजेक्शनं येण्याआधी गुरांचं औषध म्हणजे पाजायचं औषध. पोट फुगलं की गोडंतेल, हिंग, ओवा. एकाने बैलाचं तोंड वर धरायचं, दुसऱ्याने जीभ बाजूला ओढायची आणि तिसऱ्याने नळकांडीतून घशात ओतायचं. लहानपणी आम्ही मुलं हे बघायला गर्दी करायचो. आता डॉक्टर सांगतात, जीभ ओढू नका, तोंडही फार वर करू नका. जीभ बाहेर असताना जनावराला गिळता येत नाही, आणि तेल पोटाऐवजी फुप्फुसात जातं. पोटफुगीने वाचलेला बैल चार दिवसांनी न्यूमोनियाने जातो आणि लोक म्हणतात, औषध लागू पडलं नाही. दिवाळीच्या सुमारास धनगरांचे कळप माण-फलटणकडून कोकणात उतरायला निघतात, तेव्हा ते मेंढ्यांना कसं पाजतात ते बघण्यासारखं असतं. मेंढी दोन पायांत धरायची, मान सरळ, ओठाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडायचं आणि ती गिळेपर्यंत थांबायचं. शेकडो मेंढ्या, पण घाई नाही.

जनावराला दिलेलं औषध जनावरातच राहत नाही, ही गोष्ट मला स्वयंपाकघरातून कळली. वहिनीने एकदा सांगितलं, "वन्सं, कालचं दही लागलंच नाही. विरजण चांगलं होतं, दूध कोमट होतं, तरी पाण्यासारखं." त्याच्या दोन दिवस आधी एका गाईला दगडी झाली होती. कास सुजून दगडासारखी होते म्हणून दगडी. पुस्तकात कासदाह. दादाने औषधाच्या दुकानातून प्रतिजैविक आणून टोचलं होतं. कास मऊ झाली, दूध पुन्हा पांढरं यायला लागलं आणि ते दूध घरात आलं. प्रतिजैविकाला दगडीचे जंतू कुठले आणि दह्याचे कुठले हे कळत नाही. ज्या दुधात ते असतं त्यात विरजणही मरतं. आणि दूध उकळलं म्हणजे औषध गेलं, असंही समजायचं कारण नाही. त्यातली बरीच द्रव्यं उकळी सहज सोसतात.

भारतात याला नियम आहे. औषध दिल्यापासून किती दिवस त्या जनावराचं दूध, अंडी किंवा मांस माणसांसाठी वापरायचं नाही, हे बाटलीवर छापावं लागतं. २०१२ साली त्यात भर पडली. बाटलीवर काही दिलेलं नसेल तर दूध आणि अंड्यांसाठी कमीत कमी ७ दिवस, मांसासाठी २८ दिवस धरायचे. वसुबारसेला आपण एक दिवस गाईचं दूध-तूप वर्ज्य करतो, तो उपास बायकांच्या वाट्याला. बाटलीवरचा उपास सात दिवसांचा, आणि तो गोठेवाल्याच्या वाट्याला.

हे सात दिवस कागदावर सोपे दिसतात. हिशोब करून बघा. समजा गाय रोज १२ लिटर देते आणि लिटरला ३० रुपये मिळतात. सात दिवसांचे झाले २,५२० रुपये. चार दुभत्या गाई असलेल्या घरात, पेंडीचं बिल थकलेलं असताना, इतके पैसे नालीत ओतायचे? ते दूध कुणी तपासतंय असंही नाही. गावच्या संकलन केंद्रावर फॅट बघतात, एसएनएफ बघतात आणि त्यावर दर ठरतो. औषधाचा अंश शोधणारी पट्टी तिथे मी पाहिलेली नाही. तरी एकूण चित्र अगदी काळंकुट्ट आहे असंही नाही. २०१८ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यांत मर्यादेपेक्षा जास्त प्रतिजैविक ७७ नमुन्यांत सापडलं. बुरशी लागलेल्या चाऱ्यातून येणारं विष त्याच्या कितीतरी जास्त नमुन्यांत होतं. पण शहरात हजारो गोठ्यांचं दूध एकत्र होऊन पातळ होतं. गोठ्यातल्या घरात मात्र तेच दूध, त्याच गाईचं, रोज त्याच मुलांना.

शेतकरी अडाणी आहे, असं म्हणून आपण इथे बसून मोकळे होतो. मला ते पटत नाही. दादा बी.कॉम. आहे. त्याला लेबल वाचता येतं. पण डॉक्टरकडे दहा गावं, दुकानदार हातोहात बाटली देतो, आणि नुकसान पूर्ण त्याचं एकट्याचं. १९६२ क्रमांकावर फोन केला की फिरता दवाखाना येतो, ही सोय खरंच चांगली आहे. पण दगडी रात्री आठला लक्षात येते आणि गाय पहाटे पाचला पिळायची असते.

जपानमध्ये हे कसं चालतं, असं दादाने मला विचारलं तेव्हा मी शोधायला लागले. शोधताना एक भलतीच गोष्ट सापडली. चिबातल्या मिनामिबोसोजवळ मिनेओका नावाचं जुनं कुरण आहे. १७२८ साली आठवे शोगुन तोकुगावा योशिमुने यांनी तिथे तीन पांढऱ्या गाई आणून ठेवल्या, त्या भारतीय वंशाच्या मानल्या जातात. त्यांचं दूध साखर घालून आटवत आणि तो घट्ट गोळा औषध म्हणून वापरत. म्हणजे आपल्या खव्याचाच भाऊ! आज तिथे दुग्धव्यवसायाचं संग्रहालय आहे आणि वशिंडाची पांढरी गुरंही पाळलेली आहेत. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. जपानी दुग्धव्यवसायाचं जन्मस्थान म्हणून ती जागा मिरवते. तिथे दूध हेच औषध होतं, आणि आता दुधात औषध जाऊ नये म्हणून देशभर आटापिटा.

तो आटापिटा असा. २९ मे २००६ पासून इथे नियम आहे की ज्या औषधाची किंवा कीटकनाशकाची मर्यादा वेगळी ठरवलेली नाही, त्याचा अंश अन्नात ०.०१ पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. प्रतिजैविकं पशुवैद्यकाच्या लेखी सूचनेशिवाय मिळत नाहीत. होक्काइदोत आम्ही एक गोठा पाहिला. काही गाईंच्या मागच्या पायाला लाल पट्टा बांधला होता. माझ्या मुलीला वाटलं गाय शर्यतीत पहिली आली. पट्टा म्हणजे हिला औषध चालू आहे, हिचं दूध नळीत सोडायचं नाही. सकाळच्या पाळीला कोणीही असो, पट्टा दिसला की वेगळी बादली. चुकून एका गाईचं दूध मोठ्या टाकीत गेलं तर सगळी टाकी ओतावी लागते, आणि तपासणीआधी टँकरमध्ये चढलं तर शेजाऱ्यांचंही. इथे प्रत्येक गाईच्या कानात दहा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. २००१ साली गाईंच्या मेंदूच्या रोगाने जपान हादरला, त्यानंतर कायदा होऊन हे सक्तीचं झालं. आपल्याकडेही आता बारा आकडी पिवळा बिल्ला आहे. दादाच्या सगळ्या गाईंच्या कानात आहे. तो बिल्ला आणि औषधाची नोंद मात्र अजून एकमेकांना भेटलेली नाहीत.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते नोसाई. शेतकऱ्यांची परस्पर विमा संस्था, १९४७ च्या कायद्यापासूनची. गाईच्या विम्याचा साधारण अर्धा हप्ता सरकार भरतं आणि तो विमा गाय मेल्यावरच नाही तर आजारी पडल्यावरही उपयोगी येतो. संस्थेचे स्वतःचे पशुवैद्य असतात. आपल्याकडे पशुविमा असला तरी बहुतेक वेळा तो जनावर दगावल्यावरच पैसे देतो. म्हणजे गाय मरेपर्यंत खर्च तुमचा. मग डॉक्टरला बोलावण्याआधी माणूस कोनाड्यातली अर्धी बाटली काढणारच.

इव्हरमेक्टिनकडे पुन्हा येते, कारण तेही गोठ्यात थांबलं नाही. आधी चांगलं सांगते. आफ्रिकेत काळ्या माशीमुळे होणाऱ्या जंतांनी लाखो माणसं आंधळी होत होती. जनावरांचं हे औषध माणसांवरही चालतं हे दिसल्यावर १९८७ साली कंपनीने ते या रोगासाठी लागेल तितकं फुकट द्यायचं ठरवलं. पुढे हत्तीरोगासाठीही ते वापरात आलं. भारतात तीन औषधांची एकत्रित मोहीम सुरू झाली तेव्हा पहिल्या काही जिल्ह्यांत आपलं नागपूर होतं. गोठ्यातलं औषध असं घराच्या उंबऱ्याआत आलं.

मग कोविड आला. मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना या गोळ्या देण्याचं जाहीर केलं. जागतिक आरोग्य संघटना त्याच सुमारास चाचण्यांबाहेर ते वापरू नका म्हणत होती. अमेरिकेत तर लोकांनी घोड्यांसाठीची पेस्ट आणून खाल्ली, आणि पाचशे किलोच्या घोड्याचा डोस सत्तर किलोच्या माणसाने घेतल्यावर जे व्हायचं ते झालं. मोठ्या चाचण्यांत त्याचा कोविडवर उपयोग दिसला नाही. आपल्याही फोनवर तेव्हा "जपानी शास्त्रज्ञाचा चमत्कार" फिरत होता. तो तुम्हाला आठवत असेल.

शेणाचं वेगळंच. इंजेक्शन दिलेल्या जनावराच्या शेणात औषधाचा बराच भाग बाहेर पडतो. १९८७ सालीच ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं की अशा शेणात शेणकिड्यांची वाढ नीट होत नाही आणि पोवटे कुरणात तसेच पडून राहतात. आपल्याकडे शेण उकिरड्यात जातं, कुजतं, त्यामुळे कदाचित तितकं जाणवत नसेल. पण माळावर चरणाऱ्या मेंढ्यांच्या लेंड्या कोण गोळा करतं?

आणि गिधाडं. यातली सगळ्यात वाईट गोष्ट तीच आहे, आणि ती दयेपोटी झाली. बैल लंगडतोय, म्हातारा झालाय, त्याला दुखतंय. म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. आपण गुडघ्याला लावतो तेच औषध, स्वस्त आणि झटपट. बैलाला बरं वाटायचं. त्यातला एखादा तरीही जायचा, त्याला गावाबाहेर टाकायचे, आणि गिधाडं उतरायची. त्या मांसातला औषधाचा थोडा अंशही गिधाडाच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. १९९० नंतर पंधरा-सोळा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात हजारात एक उरली. कारण सापडलं २००४ साली, शेजारच्या पाकिस्तानात. २००६ मध्ये भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या ३ मिलिच्या केल्या. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही गेली. मेलॉक्सिकॅम नावाचं औषध त्या जागी चालतं, गिधाडांना त्याने काही होत नाही. मेलेली गुरं पडून राहिली, भटकी कुत्री वाढली, पाण्यात घाण मिसळली. दोन अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात त्यापायी भारतात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले. मुंबईच्या डोंगरवाडीत पारशी समाजाला आपले अंत्यसंस्कार कसे करायचे हा प्रश्न पडला, तोही इथूनच. रायगडमध्ये म्हसळ्याजवळ चिरगावला लोकांनी गिधाडांची घरटी जपली आहेत. कोकणात जाणारे कुणी असाल तर तिथे जाऊन या.

दादाच्या म्हाताऱ्या बैलाला गेल्या पावसाळ्यात सांधे धरले. मी फोनवर विचारलं, "दादा, काय दिलंस?" तो म्हणाला, "आत्याबाईंनी भाचीला पढवून ठेवलंय. दुकानातून येताना पोरगी बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय पिशवीत टाकू देत नाही." मेलॉक्सिकॅम होतं.

वहिनीचं मात्र अजून एका मुद्द्यावर समाधान झालेलं नाही. होक्काइदोतल्या लाल पट्ट्याची गोष्ट तिला सांगितली तेव्हा ती धार काढत होती. तिने मान वर न करता विचारलं, "ते ओतून दिलेल्या दुधाचे पैसे तिथे कोण देतं?" मी म्हटलं, तो तोटा तिथेही गोठेवाल्याचाच, फक्त डॉक्टरचं बिल बरंचसं विम्यातून जातं आणि दुधाला दर बरा मिळतो. "मग निम्मंच झालं की," ती म्हणाली.

पण तिने जुन्या ओढणीची लाल पट्टी फाडून कोनाड्यात ठेवली आहे. भिंतीवर खडूने तारखा लिहिते. सध्या तिथे दोन ओळी आहेत, "कपिला, १४ पर्यंत वेगळं" आणि तिच्या खाली, भाचीच्या अक्षरात, "तांबडी ४४५ किलो".